माणसे केरची, निबंध कुणाचा?

२०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातील केर गावाच्या आसपास माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसांनीही तापाने अंथरूण धरले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला ‘माकडताप’ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात येऊन ठेपल्याचे त्यातून निष्पन्न झाले. त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ इन्फेक्शन’मध्ये या साथीवर निबंध आला आणि त्याच्या मथळ्यातच सिंधुदुर्गाचे नाव होते. पुढे गोव्यातील काजू बागायतीत राबणाऱ्या मजुरांना या तापाचा धोका किती, यावरही आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिले गेले. हे व्हायलाच हवे होते. साथीचा छडा लागला आणि तो जगापुढे मांडला गेला, यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. पण ज्या बायामाणसांनी दंड पुढे करून रक्त दिले, त्यांना त्या निबंधात काय लिहिले आहे हे त्यांच्या भाषेत कळवावे, असे बंधन वैद्यकीय नियतकालिकांच्या नियमावलीत सहसा नसते. त्यांच्या दारात पोहोचली ती आरोग्य खात्याची पत्रके आणि गोचीड चावू नये म्हणून अंगाला चोळायचे तेल.

हा विषय आता काढण्याचे कारण आहे. ओरोसला २०२१-२२ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पडव्याला खासगी महाविद्यालय आहे. महाविद्यालय आले की प्राध्यापक येतात, प्राध्यापकांमागोमाग पदोन्नती येते आणि पदोन्नतीमागोमाग शोधनिबंध. कराडच्या कृष्णा अभिमत विद्यापीठाचे स्वतःचे वैद्यकीय नियतकालिक आहे, बेळगावच्या केएलईचे आहे. उद्या सिंधुदुर्गातही कुणाला ते काढावेसे वाटेल आणि त्यात वावगे काही नाही. आमचे म्हणणे इतकेच की मुखपृष्ठावर कुठला किल्ला छापायचा हे ठरवण्याआधी नियमावली लिहा आणि पहिल्या अंकाआधी ती लोकांसमोर ठेवा.

कारण वाटेल तसे निबंध छापण्याच्या रोगाचे मूळ पदोन्नतीच्या नियमातच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बढतीसाठी शोधनिबंध सक्तीचा ठेवला आणि तोही पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून नाव असलेलाच धरला जाईल असे सांगितले. हेतू चांगला असेल. पण सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी तास आणि रात्री अपघात विभाग सांभाळणाऱ्या शिक्षकाला ‘लिही नाहीतर थांब’ असे सांगितले की तो काय करणार? त्याच्या मेलपेटीत रोज आमंत्रणे पडतात. ‘आदरणीय डॉक्टर, आपल्या बहुमोल लेखनाने आमचे नियतकालिक पावन करावे, चार दिवसांत स्वीकृती, शुल्क अमुक.’ हा धंदा भारतात फोफावला, हे सांगताना मान खाली जाते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकाचे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला आणि या नियतकालिकांत भारतातल्यांचा वाटा मोठा होता. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक दंड ठोठावला. विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, २०१८ मध्ये तिच्यातून ४३०५ नावे वगळली, मग ‘केअर’ नावाची दुसरी यादी आणली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून तारतम्य संस्थांवर सोपवले. याद्या करून सचोटी येत नाही, हे उमगायला आयोगाला इतकी वर्षे लागली.

मात्र बाहेरच्या ठगांवर बोलणे सोपे असते. आमच्या जिल्ह्यात खरी कसोटी लागेल ती रुग्णाच्या खासगीपणाची. समजा, एखाद्या निबंधात लिहिले : ‘दोडामार्ग तालुक्यातील, काजूच्या बागेत मजुरी करणारी, ४५ वर्षांची विधवा, घराजवळ मेलेले माकड आढळल्याचा इतिहास.’ नाव नाही, गाव नाही, छायाचित्र नाही. बॉस्टनच्या वाचकासाठी ही बाई पूर्ण अनोळखी. पण दोडामार्गच्या बाजारात चहा पिणाऱ्या कुणालाही हे वाचून दाखवा. तो घर, वाडी आणि माहेर सांगेल. तापाचे एक वेळ चालेल, पण तेच वर्णन क्षयाचे, एचआयव्हीचे, गर्भपाताचे किंवा विष प्यायलेल्या तरुण पोरीचे असेल तर? मोठ्या शहरात गर्दी रुग्णाला लपवते. इथे वाडीत वीस घरे, त्यात एकाच आडनावाची पंधरा. म्हणून शहरातल्या नियतकालिकाचे नियम जसेच्या तसे उतरवून सिंधुदुर्गात चालणार नाहीत. तालुका, व्यवसाय, वय आणि तारीख ही चार खुणांची माहिती एकत्र छापायची नाही, असा नियम इथे हवा. वय दशकात सांगा, तालुक्याऐवजी ‘दक्षिण कोकण’ म्हणा; वैद्यकीय सत्यात त्याने काडीचाही फरक पडत नाही.

छायाचित्रांचेही तेच. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की काम भागले, असा समज अजून घट्ट आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ही पट्टी पुरेशी नाही असे स्पष्ट सांगितले आहे. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाकटाचा काटा पायात घुसलेला रापणकर रुग्णालयात आला, तर ती जखम छापण्याजोगी आहे; किनारपट्टीच्या प्रत्येक डॉक्टरला तिचा उपयोग होईल. पण पोटरीवरचे गोंदण चौकटीत आले की मालवणात पट्टी कुठे मारली हे कुणी बघत बसणार नाही. रुग्ण ओळखू येण्यासारखा असेल तर छापायचा मजकूर त्याला आधी दाखवला पाहिजे, असेही हीच समिती म्हणते. दाखवायचा म्हणजे इंग्रजी पाने समोर धरायची नाहीत. ‘डॉक्टरानू, ह्या खंय छापतलास?’ असे विचारण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे आणि ‘नको’ म्हटल्यावर औषधोपचारात फरक पडणार नाही याची खात्रीही. डिस्चार्जच्या कागदांच्या चळतीत दडवून घेतलेली सही ही संमती नव्हे.

आता लेखकांच्या नावांकडे. याच समितीने लेखकपणासाठी चार अटी घातल्या आहेत : कामात खरा वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. चारही हव्यात. आपल्याकडे पाचवी अलिखित अट असते, ती म्हणजे साहेब. विभागप्रमुखाचे नाव घातले नाही तर पुढचा निबंध अडतो, प्रबंध रखडतो, रजा नामंजूर होते. दुसरीकडे चढणीच्या वाटेने घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधणाऱ्या आशाताईचे, गोचिडी गोळा करण्यासाठी पातेऱ्यात पांढरे फडके ओढत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आभाराच्या ओळीतही सापडत नाही. त्यांना लेखक करा असे आम्ही म्हणत नाही. अटी त्यांनाही लागू आहेत. पण कुणी काय केले हे प्रत्येक निबंधाखाली छापण्याची सक्ती केली, तर साहेबांच्या नावापुढे काय लिहायचे हा प्रश्न आपोआप उभा राहील. संगणकाकडून निबंध लिहवून घेणाऱ्यांनाही हाच न्याय : यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही, म्हणून ते लेखक होऊ शकत नाही आणि त्याचा वापर केला असेल तर तसे लिहायचे.

संपादकाच्या स्वातंत्र्याबद्दल महाविद्यालयीन नियतकालिकांत बोलण्याची पद्धत नाही. आश्रयदाते अध्यक्ष, मार्गदर्शक अधिष्ठाता आणि संपादक त्यांच्याच हाताखालचा प्राध्यापक, अशी बहुतेक उतरंड असते. १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘जामा’चे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना एका निबंधाच्या प्रकाशनावरून काढून टाकले, तेव्हा जगभर गदारोळ झाला. आपल्याकडे संपादकाला काढावे लागत नाही. तो आधीच समजून घेतो. सिंधुदुर्गात हा प्रश्न पुस्तकी नाही. रेडी आणि कळण्याला लोहखनिजाच्या खाणी आहेत. खाणीच्या धुळीचा फुप्फुसांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास उद्या कुणी केला तर पहिल्याच पानावर दिसले पाहिजे की पैसा कुणाचा, लेखकांचे हितसंबंध कुठे आणि निष्कर्ष छापण्याआधी कुणाकुणाला दाखवले. पैसे खाणवाल्यांचे असोत वा खाणविरोधकांचे, नियम एकच. संपादकाची मुदत ठरलेली असावी आणि मुदतीआधी त्याला हटवायचे तर कारण अंकात छापावे. एवढे जमत नसेल तर नियतकालिक काढू नये, महाविद्यालयाचे वार्षिक काढावे. त्यात फोटोही छान येतात.

हे सगळे मोठ्या शहरांसाठी, आम्हा लहान गावच्यांना कुठे परवडणार, असे म्हणणाऱ्यांना कोकणातलेच उत्तर देता येते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून नोंदी केल्या आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्या छापल्या. पुढे प्रेझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. सर्पदंशाप्रमाणे विंचवावरचेही प्रतिविष निघाले, तेव्हा स्वतःच्या औषधाचा अभिमान धरून न बसता त्यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर दोन्ही उपचारांची तुलना केली. प्रतिविष आणि प्रेझोसिन एकत्र दिले तर नुसत्या प्रेझोसिनपेक्षा रुग्ण लवकर सावरतो, हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘बीएमजे’त आला. सरकारी महाविद्यालय नाही, विभागप्रमुख नाही, लेखकांची रांग नाही. नियम पाळल्यामुळे तालुक्याच्या गावचा डॉक्टर लंडनच्या संपादकासमोर बरोबरीने उभा राहू शकला. नियम ढिले असते तर त्याचा आवाज पैसे भरून छापलेल्या शेकडो निबंधांत बुडाला असता. मुंबईत केईएमच्या अध्यापकांनी १९५५ पासून चालवलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आणि १९९३ पासून निघणारे वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक, ही आणखी दोन घरचीच उदाहरणे आहेत.

नकोशा निष्कर्षांनाही जागा हवी. माकडतापाची जुनी लस कर्नाटकात वर्षानुवर्षे टोचली जात होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मात्रांची परिणामकारकता ६२.४ टक्के, वर बूस्टर घेतल्यास ८२.९ टक्के, आणि एकच मात्रा घेतलेल्यांना संरक्षण नाही, असे निघाले. हे आकडे लस राबवणाऱ्यांना सुखावणारे नव्हते, तरी ते छापले गेले. म्हणूनच नव्या लशीची निकड कळू शकली. आणि छापलेले चुकले तर ते मागे घेण्याची तयारीही हवी. २०२० च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर आलेला निबंध त्यामागची माहितीच तपासता येईना म्हणून दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. नामुष्की झाली खरी, पण ती सर्वांसमक्ष झाली. आपल्या किती महाविद्यालयीन नियतकालिकांनी आजवर एक तरी निबंध मागे घेतला, याचा शोध एखाद्या विद्यार्थ्याने जरूर घ्यावा. निबंधाला विषय उत्तम आहे.

शेवटी भाषेचा मुद्दा आणि इथे या जिल्ह्याला इतर कुणाकडून शिकण्याची गरज नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, ते इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापूनच. पुढे १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिकातून मराठीत शास्त्रविषय आणले. दोनशे वर्षे होत आली. त्यांच्या जिल्ह्यातून निघणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकाला प्रत्येक इंग्रजी निबंधासोबत एक पान मराठी सारांश छापणे जड जाऊ नये. ‘संवेदनशीलता’, ‘विशिष्टता’ असल्या शब्दांची जंत्री त्यात नको. गावच्या आरोग्यसेविकेला वाचता येईल असा तो हवा. बाहेरच्या संस्थेने इथे येऊन अभ्यास केला तरी हीच अट घालता येईल : नमुने न्या, निबंध हवा तिथे छापा, पण मराठी सारांश जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे दिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नका.

याला मोठा पैसा लागत नाही. एक जाणता अनुवादक, त्याला बऱ्यापैकी मानधन आणि छपाई, इतकाच खर्च आहे. जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यात तो सहज बसेल. पालकमंत्र्यांनी आणि दोन्ही महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी एकत्र बसून हे ठरवावे. काजू फेब्रुवारीत पिकू लागतो, म्हणून माकडतापाचा सारांश जानेवारीत केरच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे आणि पावसाळ्यात चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापावर जे काही नवे हाती आले असेल ते मेअखेरीस, लावणीसाठी माणसे शेतात उतरण्याआधी.