विश्लेषण : आवडती गाडी बंद होणार? कुजबुज खरी कधी ठरते?

निस्सानच्या ‘जीटी-आर’ या स्पोर्ट्स कारचे उत्पादन १८ वर्षांनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये थांबले. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये पोर्शेच्या ७१८ मालिकेतील पेट्रोल गाड्यांचीही पाळी आली. ‘ही गाडी राहणार की जाणार’ अशी चर्चा या गाड्यांच्या मालकांमध्ये त्याआधी कित्येक वर्षे रंगली होती. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या रोहण्यात पोर्शे दिसणे कठीण. पण जुन्या पोलो जीटीचा किंवा पल्सर २२०चा सौदा करताना हाच प्रश्न इथेही येतो. बंद झालेली, किंवा बंद होणार अशी हवा असलेली गाडी घ्यावी का? आणि ही हवा किती खरी मानावी?

चर्चा सुरू कुठून होते?

एखादे मॉडेल बंद होत असल्याचे कंपनी सहसा आधी जाहीर करत नाही. तसे केले तर वितरकाकडे पडून असलेल्या गाड्या विकणे अवघड होते. त्यामुळे ग्राहकाला खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. वरचा किंवा खालचा प्रकार यादीतून गायब होतो, रंग कमी होतात, बुकिंग घेताना वितरक ‘स्टॉक असेपर्यंत’ म्हणू लागतो, कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेल काढले जाते. यातली एकच खूण दिसली तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. मात्र दोन-तीन खुणा एकत्र आल्या आणि त्याच सुमारास सरकारचा नवा नियम लागू होणार असेल, तर चर्चेत तथ्य असण्याची शक्यता वाढते.

चालती गाडी बंद का केली जाते?

पहिले कारण नियमांचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा आला. त्यात गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना किती धूर सोडते, हेही तपासले जाते. त्याआधी ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलनाही अपघात-चाचणीचे निकष बंधनकारक झाले. प्रत्येक वेळी इंजिन किंवा सांगाड्यात बदल करायचे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून गाडी पुन्हा प्रमाणित करून घ्यायची. हा खर्च महिन्याला हजारो गाड्यांवर विभागला तर परवडतो, शेकड्यांवर विभागला तर परवडत नाही. रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ पुंटो’ बीएस-६ च्या काळापर्यंत पोहोचलीच नाही.

दुसरे कारण बाजाराचे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यात एसयूव्ही आणि तत्सम उपयुक्तता वाहनांचा वाटा सुमारे ६५ टक्के होता. कारखान्याची क्षमता मर्यादित असल्याने कंपनी ती जास्त खपणाऱ्या गाडीकडे वळवते.

चाकणच्या पोलोचे काय झाले?

महाराष्ट्रातले हे सर्वांत बोलके उदाहरण. फोक्सवॅगनची पोलो २०१० मध्ये बाजारात आली आणि चाकणच्या कारखान्यात १२ वर्षे तयार झाली. २०१३ मध्ये आलेल्या ‘जीटी टीएसआय’ने तिला वेगाच्या शौकिनांची गाडी बनवले. सांगाडा मात्र जुन्या पिढीचाच राहिला. २०२१ मध्ये कंपनीने भारतासाठी नव्या सांगाड्यावर टायगुन ही एसयूव्ही आणली, तेव्हाच पोलोचे दिवस भरल्याची चर्चा सुरू झाली. एप्रिल २०२२ मध्ये ‘लेजंड’ नावाने ७०० गाड्यांची निरोपाची आवृत्ती आली आणि चर्चा खरी ठरली.

त्यानंतर आलेल्या वेगवान हॅचबॅकची गोष्ट वेगळी आहे. मे २०२५ मध्ये ‘गोल्फ जीटीआय’ सुमारे ५३ लाखांना आली, तीही पूर्ण तयार स्थितीत आयात होऊन. दहा लाखांच्या आसपास मिळणारी आणि महाराष्ट्रातच तयार होणारी वेगवान गाडी एवढ्या किमतीवर गेली, की गावातला ग्राहक आपोआपच जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतो.

गेलेली गाडी परत येते का?

क्वचित येते. आकुर्डीच्या बजाज ऑटोची पल्सर २२०एफ हे त्याचे उदाहरण. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने एन२५० आणि एफ२५० या नव्या पल्सर आणल्या. २०२२ मध्ये २२०एफ गाजावाजा न करता यादीतून गेली. ‘जुनी संपली’ असे सगळे धरून चालले असताना फेब्रुवारी २०२३ मध्ये ती परत आली. पुढे जिच्यासाठी तिने जागा सोडली असे मानले जात होते, ती एफ२५०च यादीबाहेर गेली.

हे शक्य झाले, कारण २२०एफचे इंजिन आधीच बीएस-६ मध्ये बसवलेले होते, सुट्या भागांचे साचे तयार होते आणि मागणी टिकून होती. पोलोच्या बाबतीत सांगाडाच बदलावा लागला असता. पोर्शेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये भूमिका बदलली. ७१८ची पुढची पिढी फक्त विजेवर चालणारी असेल, असे आधी ठरले होते. आता वरच्या प्रकारांत पेट्रोल इंजिन राहील, असे कंपनीने सांगितले आहे. थोडक्यात, कंपनीचा निर्णय फिरू शकतो, पण जुने यंत्र नव्या नियमांत थोड्या खर्चात बसत असेल तरच.

रोहण्यातल्या खरेदीदाराने काय पाहावे?

रोहण्यावरून जाणारी पुलगाव-आर्वी नॅरोगेज ‘शकुंतला’ बंद पडली आहे. एसटीच्या वेळा सोडल्या तर स्वतःचे वाहन हाच आधार. अशा ठिकाणी गाडी आठवडाभर सुट्या भागासाठी उभी राहिली, तर शौक बाजूला राहतो आणि रोजची कामे अडतात. म्हणून मॉडेल बंद आहे का, यापेक्षा त्याचे भाग अजून कोणत्या चालू गाडीत वापरले जातात, हा प्रश्न महत्त्वाचा.

पोलोचेच पाहा. शेवटच्या काळातील १.० लिटर टीएसआय इंजिनाचे कुटुंब टायगुन आणि व्हर्टसमध्ये आजही आहे. त्यामुळे इंजिनाच्या भागांची चिंता तुलनेने कमी. आधीच्या १.२ टीएसआयला असा आधार नाही. शिवाय तिच्यातील सात गिअरच्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सची दुरुस्ती निदान-यंत्राशिवाय होत नाही, म्हणजे गावातल्या मेकॅनिकच्या हाताबाहेरची. बंपर, दिवे, दरवाजे हे भाग मात्र दोन्हींना पोलोचेच लागतात.

सौदा करण्यापूर्वी तीन कामे करावीत. पुढचा दिवा, क्लच आणि सस्पेन्शनच्या भागांची किंमत व ते किती दिवसांत मिळतील, हे जवळच्या अधिकृत केंद्राला फोन करून विचारावे. विमा कंपनी गाडीची किती किंमत धरते, ते पाहावे, कारण अपघातात गाडी पूर्ण निकामी झाल्यास भरपाई त्यावरच ठरते. आणि नोंदणीची तारीख तपासावी. मॉडेल बंद झाल्याने नोंदणीवर परिणाम होत नाही, पण खासगी गाडीला १५ वर्षांनंतर योग्यता तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. २०१३ची पोलो जीटी २०२८ मध्ये त्या टप्प्यावर पोहोचेल.

सरकारचे संरक्षण आहे का?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे आणि शेती अवजारांबरोबर वाहन क्षेत्रही त्यात आहे. दुरुस्तीची माहिती, सेवा आणि सुटे भाग ग्राहकाला एका ठिकाणी कळावेत, हा हेतू. अडवणूक झाल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पण तिथला निकाल येईपर्यंत गाडी अंगणात उभी असते.

म्हणून बंद झालेली गाडी स्वस्त मिळते तेव्हा त्या स्वस्ताईतला काही भाग बाजूला ठेवावा. पुढच्या पाच वर्षांच्या सुट्या भागांचा तो आगाऊ हप्ता समजावा. तेवढी रक्कम वेगळी काढूनही सौदा परवडत असेल, तर मॉडेल चालू आहे की बंद, याने फारसे बिघडत नाही.