दाखला नसला म्हणून माणूस परका होत नाही

परवा सांगलीला एका मंगल परिणयाला गेलो होतो. जेवणे उरकल्यावर कराडकडच्या एक आजी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, नातू वीटभट्टीवर जन्मला. नोंद कुणी केली न्हाई. आता शाळेत घालायचाय, तर दाखला मागत्यात. दाखला नसंल तर पोरगं ह्या देशाचंच धरत न्हाईत म्हणं. खरं हाय का?"

शाळेपुरते उत्तर सोपे होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणाने बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. पण आजींचा दुसरा प्रश्न आपण सर्वांनी समजून घ्यावा असा आहे.

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेला बाल भीमराव मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच गाडीवाले दूर झाले, आणि रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. तो जन्मला याच देशात, पण जन्माने त्याला दिली ती फक्त जात. त्याच बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत नागरिकत्वाचे कलम मांडले. त्यात जात नाही, धर्म नाही. या देशात वास्तव्य आणि इथला जन्म एवढे पुरेसे होते.

पुढचे कायदे करण्याचा अधिकार मात्र कलम ११ ने संसदेला दिला. १९५५ च्या कायद्याने २६ जानेवारी १९५० पासून इथे जन्मलेला, थोडे अपवाद सोडता, नागरिक ठरला. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने जन्माचा हक्क घटनेतच लिहिला. गुलामांच्या लेकरांना नागरिक करण्यासाठीच ती झाली. १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी आईबापांच्या मुलालाही तो हक्क दिला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तो आक्रसणारा आदेश काढला, तेव्हा लोक घटनेचा आधार घेऊन न्यायालयात गेले. आपल्याकडे ही कसोटी कायद्यात आहे. म्हणून आसामसाठी वेगळ्या तारखा ठेवणारे कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवले.

मग कागद नसलेल्याने काय करावे? घटनेचे शब्द वाचावेत. कलम १५ आणि १९ 'नागरिका'ला आहेत, पण १४ आणि २१ 'व्यक्ती'ला आहेत. १९९६ मध्ये अरुणाचलमधील चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो नागरिक नाही त्याच्याही जिवाचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. आणि अस्पृश्यता संपवणाऱ्या कलम १७ मध्ये तर नागरिक हा शब्दच नाही.

आजींना मी सांगितले, "तुमचा जन्म १९५० नंतरचा, सातारा जिल्ह्यातला. तुम्ही जन्माने नागरिक. म्हणून तुमचा लेक नागरिक. सुनेचेही तिच्या आईबापांवरून तसेच. आणि त्या दोघांमुळे नातू. तुम्हीच त्याचा पहिला आधार आहात. दाखला हक्क देत नाही, हक्क सिद्ध करायला मदत करतो."

तरीही नोंद हवीच. जन्म जिथे झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत ती करायची असते. २१ दिवसांत केली तर विलंब शुल्क नाही. वर्ष उलटले असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. ऊसतोडीला, भट्टीवर, बांधकामावर गेलेल्या आपल्या बायाबापड्यांना हे कोण सांगणार? शिकलेल्या मुलामुलींनी प्रत्येक वस्तीत अशा बाळांची यादी करावी.

आजींनी पदराला गाठ मारली. म्हणाल्या, "सोमवारीच जाते." जयभीम.