वारसा आमचा, वीजबिल आमचे, मग निधी कोणाचा?

वारसा जतन म्हटले की राज्यकर्त्यांना किल्ले, राजवाडे आणि इंग्रजी अमदानीतल्या दगडी इमारती आठवतात. ज्या सभागृहांत कामगारांनी आणि बहिष्कृतांनी माणूसपणाची भाषा घडवली, ती सहसा या यादीच्या तळाशी असतात. त्यांच्या नशिबी दोनच गोष्टी येतात. एक पडझड, दुसरा पुनर्विकास.

९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक बोलावली. त्यातूनच बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि सभेचे कार्यालयही तिथेच होते. गिरणगावातल्या कामगार रंगभूमीच्या पिढ्या दामोदर नाट्यगृहाच्या रंगमंचावर घडल्या. २०२३ मध्ये हे नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले आणि कलावंतांना आंदोलन करावे लागले. शंभर वर्षांचा इतिहास असलेल्या जागेची ही गत, तर गावोगावच्या जुन्या समाजमंदिरांना आणि चाळींच्या सभागृहांना कोण विचारतो?

अशी जागा एका दिवसात मरत नाही. आधी छप्पर गळते. मग वीजबिल थकते. बिल भरायचे म्हणून भाडे वाढते. भाडे वाढले की जलसा, पथनाट्य, तालीम बाहेर पडते आणि लग्नाचे हॉलवाले आत येतात. शेवटी बिल्डर तारणहार बनून दारात उभा राहतो. म्हणून आम्ही म्हणतो, छपराची दुरुस्ती आणि छपरावरची सौरऊर्जा हा आमच्यासाठी हौसेचा पर्यावरणवाद नाही. भीमराव कर्डक, अण्णाभाऊ साठे, वामनदादा कर्डक यांच्या परंपरेला मंच राहणार की नाही, हा प्रश्न आहे.

हा विचार आमच्या परंपरेला परका नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी वीज मुबलक आणि स्वस्त असावी, ती नफेखोरांच्या हाती जाऊ नये, असा आग्रह धरला होता.

आता हिशेब मांडू. १ किलोवॉट सौरसंचाला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. १० किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे १,२०० युनिट देतो. युनिटमागे १० रुपये धरले तर वर्षाला १ लाख ४४ हजारांची बचत होते. संचाला ६ लाख लागले तर पैसे चार-सव्वाचार वर्षांत वसूल होतात आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालतात. पण कार्यक्रम संध्याकाळी आणि ऊन दुपारी, म्हणून नेट मीटरिंगचे नियम आधी नीट वाचावे लागतील. आधी छप्पर भक्कम करणे, हॅलोजनऐवजी एलईडी दिवे आणि कमी वॅटचे पंखे लावणे, हा क्रम चुकता कामा नये.

मग अडले कुठे? सुरुवातीच्या ६ लाखांवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेसाठी ७५,०२१ कोटींची तरतूद झाली, पण तिचे अनुदान घरांसाठी आहे. बंगलेवाल्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते, समाजाच्या ट्रस्टच्या सभागृहाला नाही. बँक तारण मागते. म्हणजे जागाच पुन्हा पणाला!

काही जण विचारतील, शिष्यवृत्त्या थकल्या असताना सौर पॅनेल कसले मागता? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हा पैसा शिष्यवृत्तीच्या वाट्यातून काढायला आमचा ठाम विरोध आहे. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी इतरत्र वळवला जातो ही आपली जुनी तक्रार आहे, त्यात आपणच नवी वाट काढून देऊ नये. हा पैसा वारसा, संस्कृती आणि ऊर्जा खात्यांच्या मुख्य तरतुदीतून आला पाहिजे. आमचा इतिहास राज्याचा इतिहास असेल, तर त्याचा खर्च फक्त ‘मागासवर्गीय’ शीर्षाखाली का?

आणखी दोन दारे आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आणि पर्यावरण, दोन्ही येतात. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५ टक्के रकमेची कामे अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवायची असतात. आपल्या खासदाराने गेल्या पाच वर्षांत कोणती कामे सुचवली, हे माहिती अधिकारात विचारायला किती खर्च येतो?

मात्र पैसा कोणाचाही असो, तीन अटींवर तडजोड नको. मालकी समाजाच्या संस्थेकडेच राहील. देणगीदाराचे नाव बाबासाहेबांच्या नावावर चढणार नाही. आणि वाचलेल्या वीजबिलातला ठरावीक हिस्सा कलावंतांना तालमीसाठी जागा मोफत देण्यावर खर्च होईल. ही तिसरी अट नसेल तर पॅनेल चमकतील आणि मंच रिकामाच राहील.

तरुण मित्रांनो, जयंतीच्या रोषणाईसाठी आपण लाखोंची वर्गणी उभी करतो. यंदा त्याच ताकदीने आपल्या वस्तीतल्या जुन्या सभागृहाची मालकीची कागदपत्रे, वर्षभराची वीजबिले आणि स्ट्रक्चरल ऑडिट एका फाइलमध्ये गोळा करा. फाइल हातात असेल तर मागणीला उत्तर द्यावे लागते. नुसत्या निवेदनाला पोच मिळते.

जय भीम!