बारदान वजा करा, मग जीबी सांगा

मंडळी, श्रींची पालखी पंढरपूरहून परत येते त्या दिवशी खामगाव–शेगाव रस्त्यावर काय गर्दी असते, ते तुम्हाला सांगायला नको. गेल्या वेळी त्याच रस्त्यावर मी व्हिडिओ घेत होतो. ऐन पालखी समोर आली आणि फोनवर पाटी झळकली, "स्टोरेज फुल". पालखी पुढे निघून गेली अन् मी रस्त्याच्या कडेला जुने फोटो डिलीट करत बसलो.

घरी येऊन सेटिंग उघडली. जुना फोन, ३२ जीबीचा. माझे फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग सगळं धरून ९ जीबी. ॲप ६ जीबी. आणि 'सिस्टम' या एका नावाखाली १६ जीबी! म्हणजे अर्धा फोन माझा नव्हताच. ओळखीच्या मोबाईलवाल्याला विचारलं तर तो हसला. म्हणे, "भाऊ, कंपनी आंधी आपलं सामान ठेवते, मंग तुमचं."

आता सांगा, आपल्याकडे दुसरा कोणता माल असा विकतात? शेतकरी सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो, तिथे पोत्याच्या वजनातून बारदान वजा होतं आणि पैसे फक्त मालाचे मिळतात. बिस्किटाच्या पुड्यावरही निव्वळ वजन छापावं लागतं, कागद धरून नाही. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ तेच सांगतात. फोन अन् लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र बारदानासकट आकडा, आणि तोही मोठ्या अक्षरात.

हे बारदान वाढतंय किती, तेही बघा. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा तिला दीड जीबी जागा पुरायची. २००९ च्या विंडोज ७ ला किमान १६ जीबी लागायची. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी कंपनीच सांगते, किमान ६४ जीबीची डिस्क पाहिजे. सगळी जागा ती खाते असं नाही, पण त्याहून लहान डिस्कला दारातच उभं करत नाही. टाईप करायचं पत्र मात्र तेव्हाही एका पानाचं होतं, आजही एकाच पानाचं आहे.

२०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ३२ जीबीचा सरफेस टॅब्लेट आला. त्यात ग्राहकाच्या हाती सुमारे १६ जीबीच उरायची. अमेरिकेत एका वकिलाने सरळ कोर्टात दावा ठोकला. मोकळी जागा किती उरते, हे कंपनीने आपल्या वेबसाईटवर सांगितलं होतं. म्हणजे आकडा कंपन्यांना माहीत असतो. खोक्यावर छापायचं तेवढं जिवावर येतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो. सगळंच सामान फालतू नसतं. अपडेट अर्ध्यात बिघडला तर फोन बंद पडू नये म्हणून बऱ्याच फोनमध्ये सिस्टमसाठी जादा जागा राखून ठेवतात. सुरक्षेचे अपडेट तर हवेतच, फोनमध्ये आता बँकही असते. पोतं लागतंच हो, सोयाबीन काही ओंजळीत नेता येत नाही. पण पोत्याचं वजन मालात धरू नका, एवढंच म्हणणं आहे. आणि न मागता टाकलेले गेम, खरेदीचे ॲप? ते कितीतरी फोनमध्ये काढताही येत नाहीत, नुसते 'डिसेबल' होतात. हे पोतं नाही, पोत्यात टाकलेले खडे आहेत.

याचा फटका लाखाचा फोन वापरणाऱ्याला बसत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, आठवतं ना? ते फोन २ जीबी रॅमचे. रॅम अन् स्टोरेज वेगवेगळं, पण दुखणं एकच. फोन गरम व्हायचे, हँग व्हायचे, त्यातच पोषण ट्रॅकर चालवायचं, वर इंग्रजीचा त्रास वेगळा. फोन सरकारचा, ॲप सरकारचं, अन् काम अडलं की बोलणी कोणाला? सेविकेला. त्याच महिन्यात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आता शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ॲप अपडेट करायचं, आणि फोन म्हणतो जागा नाही. मग तो नातवंडांचे फोटो डिलीट करतो. सातबाऱ्यावर पीक लावायला माणसाने घरच्या आठवणी पुसायच्या, हा कोणता न्याय?

माझ्या मागण्या तीनच. खोक्यावर एकूण जीबीच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'वापरता येणारी जागा' छापा. न मागता टाकलेलं ॲप पूर्ण काढून टाकता आलं पाहिजे. आणि सरकारने कोणतंही ॲप सक्तीचं करण्याआधी ते मंत्रालयातल्या साहेबाच्या फोनवर नाही, तर आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या सगळ्यात स्वस्त फोनवर चालवून बघावं.

तोवर आपण एक करू. नवा फोन घेताना पैसे देण्याआधी दुकानातच सेटिंगमध्ये स्टोरेज उघडायला सांगा आणि मोकळी जागा किती ते बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. काट्यावरचं वजन आपण वाकून बघतोच ना?

आणि आत्ता तुमच्या फोनमध्ये 'सिस्टम'समोर किती जीबी दिसतात, ते खाली लिहा. फोन किती जीबीचा तेही लिहा. शेगावच्या लोकांनी किती बारदान विकत घेतलंय, हिशोब तर कळू द्या.