चालत्या गाडीतला मुक्काम

भाड्याची खोली सोडून रेल्वेतच राहू लागलेल्या जर्मन तरुणांच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात आणि नवलाने वाचल्या जातात. २०१५ साली तिथल्या एका विद्यार्थिनीने खोली सोडून वर्षभराचा रेल्वे पास काढला. २०२२ साली एका सोळा वर्षांच्या मुलाने आईवडिलांना राजी करून तोच मार्ग धरला. तो दिवसा संगणकावर काम करतो आणि रात्री लांब पल्ल्याच्या गाडीत झोपतो. या दोघांच्या धाडसाचे कौतुक जरूर व्हावे. पण त्यांना असे राहता आले ते मुख्यतः तिथल्या तिकीटव्यवस्थेमुळे.

तिथे ‘बानकार्ड १००’ नावाचा पास आहे. दुसऱ्या वर्गासाठी वर्षाला जवळपास पाच हजार युरो भरले की देशातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या खुल्या होतात. शंभराहून अधिक शहरांतल्या ट्राम आणि बसही त्यात येतात. या रकमेच्या बाराव्या हिश्श्यात म्युनिकसारख्या शहरात महिन्याला साधी खोली मिळणेही कठीण. पण स्वस्ताईपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. वेगवान ‘आयसीई’ गाड्यांतही आरक्षण सहसा सक्तीचे नसते. पासधारक फलाटावर येतो, समोरच्या गाडीत चढतो आणि रिकाम्या जागी बसतो. रात्री बारा वाजता बेत बदलला तरी कोणाला विचारावे लागत नाही.

सुख मात्र बेताचेच. जर्मन रेल्वेने स्वतःच्या शयनयान गाड्या डिसेंबर २०१६ मध्ये बंद केल्या, त्यामुळे रात्र खुर्चीतच काढायची. आंघोळ सार्वजनिक जलतरण तलावावर, कपडे मिळेल तिथे धुवायचे, आणि सगळा संसार एका पाठपिशवीत. त्यातच २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या. सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत, हे लक्षात घेतले तर हा आकडा आणखी बोचतो. गाडीतच झोपणाऱ्याची गाडी मध्यरात्री रद्द झाली, तर त्याचे अंथरूणच जाते.

शिवाय या मुक्कामामागे कुठेतरी एक दार उघडे असते. जर्मनीत राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. बँकेची, विम्याची पत्रेही कुठेतरी यावी लागतात. ती विद्यार्थिनी कित्येक रात्री आईकडे, आजीकडे किंवा मित्राकडे काढत असे. मुलाच्या मागे आईवडिलांचे घर आहे. ज्याला घरच नाही, त्याला हा पास परवडत नाही आणि स्थानकावर पाठ टेकायला गेला तर उठवले जाते. म्हणून बेघरांच्या प्रश्नावरचे उत्तर म्हणून या प्रयोगाकडे बघणे चुकीचे ठरेल.

आपल्याकडे असा पास का नाही? आपली मासिक पासाची मर्यादा साधारण १५० किलोमीटरची. चक्री प्रवासाचे तिकीट मिळते, त्यात जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबता येते. पण प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करावे लागते, आणि ते ६० दिवस आधी खुले झाले की बघता बघता वेटिंग लागते. झोपण्याच्या सोयीत आपली गाडी जर्मन गाडीच्या पुढे आहे. इथे पाठ टेकायला बर्थ मिळतो, आणि तो बहुतेकदा ज्या लाल एलएचबी डब्यात असतो, त्याची मूळ रचना जर्मनच आहे. पण बर्थ थोडे आणि माणसे फार, म्हणून प्रत्येक बर्थवर कोणाचे तरी नाव लागलेले असते. आरक्षणाशिवाय चढता येते ते जनरल डब्यात, आणि तिथे पाय ठेवायलाही जागा नसते. अशा स्थितीत देशभराचा पास काढला तरी तो हातात कागद म्हणूनच राहील. आधी जनरल डबे वाढायला हवेत.

रेल्वेत राहणारी माणसे आपल्याकडेही आहेत, फक्त त्यांच्या बातम्या होत नाहीत. कसारा-कर्जतहून मुंबईला अपडाउन करणाऱ्यांचे रोजचे चार-पाच तास लोकलमध्ये जातात. डब्यातली भजनी मंडळे, भाजी निवडणाऱ्या बायका, पासधारकांचे ठरलेले गट ही सगळी त्या तासांतून उभी राहिलेली वस्ती आहे. पँट्रीतल्या कामगारांचा मुक्काम याहून खडतर. दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या फेऱ्यांत चहा-जेवण पोचवून झाले की मिळेल त्या कोपऱ्यात ते अंग टाकतात. चालक आणि गार्ड यांच्यासाठी रेल्वेने विश्रांतिगृहे बांधली आहेत. पँट्रीच्या कंत्राटांतही झोपायला ठरावीक बर्थ आणि फेरी संपल्यावर आंघोळ-विश्रांतीची जागा या अटी घालाव्यात, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे रेल्वेने स्वतः तपासावे.