दार उघडले, अध्यक्षपद मात्र दूरच

१/ १९३७ साली रूथ जॅक्सन अमेरिकेच्या ऑर्थोपेडिक मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन अकादमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्स’चे सदस्यत्वही त्यांना लाभले.

२/ या अकादमीच्या पहिल्या महिला अध्यक्ष क्रिस्टी वेबर. वर्ष २०१९. सदस्यत्वापासून अध्यक्षपदापर्यंतचे अंतर ८२ वर्षांचे!

३/ हाडे बसवण्यास पुरुषी बळ लागते, हा जुना युक्तिवाद. वस्तुतः तेथेही तरफ, यांत्रिक करवत आणि कौशल्यच कामी येते. मग अध्यक्षपदास कोणते बाहुबल लागते?

४/ ‘काळच बदल घडवील’ हे सांत्वन फोल आहे. काळ नेमणुका करीत नाही, निवडसमित्या करतात. उत्तरदायित्वही त्यांचेच.