यंत्र आपले, हुकूम परक्याचा

वाशी-नेरूळच्या एखाद्या लहानशा डीटीपी केंद्रात डोकावून पाहावे. लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका यांची जुळणी करणारा गृहस्थ वर्षानुवर्षे पेजमेकर आणि श्रीलिपीवर काम करीत असतो. कळफलक त्याच्या बोटांना पाठ असतो. अशा माणसाचा धडधाकट संगणक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एकाएकी 'जुना' ठरला. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज १० चे आयुष्य संपल्याचे घोषित केले. विंडोज ११ घ्यावी, तर टीपीएम २.० ही चिप हवी, इंटेलचा किमान आठव्या पिढीचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर हवा. प्रणाली फुकट, पण यंत्र नवे! आणि त्यावर जुना पेजमेकर नीट चालेल, याची हमी कोण देणार?

अनुभवी माणूस बदलाला भितो, असा शेरा मारणे सोपे आहे. शिशाचे खिळे जुळवता जुळवता संगणकावर आलेल्या या पिढीला बदलाचे धडे कोणी देऊ नयेत. तिचा आक्षेप सक्तीला आहे.

सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे, असे सांगितले जाते. सुरक्षा हवीच, पण मग सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष देऊ केल्या, त्या कशा? म्हणजे त्या तयार होतच होत्या. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठवताच तिथल्या सामान्य ग्राहकाला त्या विनामूल्य मिळाल्या. इतरांना मात्र आपल्या संगणकाच्या मांडणीची प्रत कंपनीच्या खात्यात ठेवा, नाहीतर ३० डॉलर मोजा, असे पर्याय! भारतीय ग्राहक दुय्यम कोणत्या न्यायाने?

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा बंद झाल्या. भारतात नोंदलेल्या कंपनीला स्वतःच्या ई-पत्रांसाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. किल्ली कोणाच्या हाती आहे, हे त्या दिवसांत दिसले.

सी-डॅकने 'बॉस' ही प्रणाली २००७ मध्येच दिली होती. (स्वदेशीवर भाषणे देणाऱ्या आपल्यापैकी कितींच्या संगणकावर ती आहे, हे न विचारलेलेच बरे.) तिकडे वळायला वेळ लागेल. तोवर बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीने हा विषय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापुढे न्यावा आणि मागणी एकच ठेवावी: युरोपातील ग्राहकाला ज्या अटींवर दुरुस्ती मिळाली, त्याच अटींवर ती नेरूळच्या डीटीपी केंद्रालाही मिळावी.